एक्सेलच्या फॉर्ममधला मजकूर ठळक, अधोरेखित अशा सजावटीसकट छापायचा आहे (मॅक्रो)

पागोळी

सभासदांना पत्रं पाठवण्याचं काम मी एक्सेलवर करते. त्यासाठी एक युजरफॉर्म (माहिती भरायची खिडकी) केला आहे. त्यात नाव, पत्ता, विषय आणि खाली मजकुरासाठी मोठा टेक्स्टबॉक्स आहे. भरलेली माहिती शीटमध्ये साठते, तिथपर्यंत सगळं सुरळीत आहे. आता 'छापा' असं बटण हवंय. ते दाबलं की ए-४ कागदावर पत्र निघावं. वर मधोमध ठळक शीर्षक, विषयाखाली रेघ, आणि मजकुराच्या मधलेच काही शब्द ठळक, जसं की शेवटची तारीख किंवा रक्कम.

सध्या बटणामागे एकच ओळ आहे: मी.प्रिंटफॉर्म (इंग्रजीतला 'मी', म्हणजे हाच फॉर्म). त्यातून फॉर्मचं चित्रच छापून येतं. राखाडी चौकट, बटणं, सगळं त्यात येतं. अक्षरं धुरकट दिसतात आणि स्क्रोल केल्याशिवाय न दिसणारा मजकूर कागदावर येतच नाही. टेक्स्टबॉक्समधला एखादाच शब्द ठळक करायची सोयही मला सापडलेली नाही.

मजकूर मराठीत, युनिकोडमध्ये आहे. विंडोज, एक्सेल २०१६. वर्डही आहे, पण एक्सेलमध्येच भागलं तर बरं.

खोडरबर

सोय सापडत नाही कारण ती नाहीच. युजरफॉर्मच्या टेक्स्टबॉक्सला अख्ख्या खोक्यासाठी एकच फाँट असतो. एक शब्द ठळक आणि बाकीचे साधे, हे त्याला जमत नाही.

तिरका_डोळा

रिचटेक्स्टबॉक्स नावाचा कंट्रोल वापरा की. त्यात सगळं होतं, छापायची पद्धतही त्यातच असते.

खोडरबर

तो कंट्रोल व्हीबी ६ (मायक्रोसॉफ्टची जुनी व्हिज्युअल बेसिक भाषा) बरोबर यायचा. ३२ बिटी ऑफिसमध्ये, तोही नोंदणीकृत असेल तर, चालेल. ६४ बिटी ऑफिसमध्ये तो लोडच होत नाही. नव्या कामाला त्याच्यावर विसंबू नये असं माझं मत. उद्या दुसऱ्या कुणाच्या संगणकावर फाइल उघडली की फॉर्मच उघडणार नाही आणि चूक कुठे आहे ते शोधत बसावं लागेल.

जुनाखिळा

पागोळी, आधी प्रिंटफॉर्म काय करतं ते बघा, म्हणजे पुढचा रस्ता आपोआप दिसेल. ते फॉर्मचा पडद्यावरचा फोटो काढतं आणि तो डिफॉल्ट प्रिंटरकडे पाठवतं. पडद्याचं रेझोल्यूशन साधारण ९६ ठिपके प्रति इंच, साध्या लेझर प्रिंटरचं ६००. धुरकटपणा तिथूनच येतो. समास ठरवता येत नाही, प्रिंटर निवडता येत नाही, फॉर्म कागदापेक्षा मोठा असला तर कापला जातो. ही सोय पहिल्यापासून 'फॉर्म कसा दिसतो ते कागदावर बघू' एवढ्यासाठीच आहे.

आता व्हीबीएमध्ये (एक्सेलचे मॅक्रो ज्या भाषेत लिहितात ती) कागदावर थेट अक्षरं लिहिण्याची सोय शोधाल तर तीही नाही. व्हीबी ६ मध्ये प्रिंटर.प्रिंट असं लिहून मजकूर पाठवता यायचा, एक्सेलच्या व्हीबीएत ते ऑब्जेक्ट दिलेलंच नाही. विंडोजची स्वतःची (एपीआय) फंक्शनं बोलावून करता येतं, पण मग प्रत्येक ओळ कुठे मोडायची, पान कुठे संपतं हा हिशेब तुमच्या अंगावर येतो. पत्रासाठी तो उपद्व्याप करू नका.

म्हणून फॉर्म छापायचाच नाही. फॉर्ममध्ये माहिती भरायची, आणि छापायचं ते वेगळं, त्यासाठीच मांडलेलं शीट. फॉर्मवरचं 'छापा' बटण त्या शीटवर मजकूर मांडेल, सजवेल आणि शीट प्रिंटरकडे पाठवेल. सेलमधल्या मजकुराचा काही भागच ठळक करणं एक्सेलला व्यवस्थित येतं. त्यासाठी रेंजला कॅरॅक्टर्स नावाचं ऑब्जेक्ट आहे. सुरुवात कुठून आणि किती अक्षरं एवढं सांगायचं:

शीट.रेंज("बी४").कॅरॅक्टर्स(१, ७).फाँट.बोल्ड = ट्रू

(कोड इथे उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहितोय, एडिटरमध्ये टंकताना अर्थातच रोमन आणि साधे आकडे.)

दोन अटी आहेत. सेलमध्ये सूत्र असता कामा नये, आणि आकडा किंवा तारीख असता कामा नये. निव्वळ मजकूर असेल तरच तुकड्यांची सजावट टिकते. म्हणजे 'मान्यवर' आणि नाव जोडायला शीटवर सूत्र लिहून ठेवलं असेल तर ते काढा. जोडणी मॅक्रोतच करा आणि तयार वाक्य सेलमध्ये टाका.

पागोळी

हे पटलं. शीर्षक आणि विषय तर शीटवर आधीच सजवून ठेवता येतील. प्रश्न मजकुराचा आहे. कुठला शब्द ठळक करायचा ते दर पत्रात बदलतं. फॉर्म भरणाऱ्याने ते सांगायचं कसं?

उंबरठा

खूण घालायला सांगा. ठळक करायच्या शब्दांच्या आधी आणि नंतर # टंकायचा. पत्रात सहसा न येणारी कुठलीही खूण चालेल. मग मॅक्रोने त्या खुणा काढून मधला भाग ठळक करायचा.

यासाठी अक्षर-अक्षर तपासत जायची गरज नाही. स्प्लिट फंक्शनने # वर मजकूर तोडला की तुकडे मिळतात, आणि त्यातले विषम क्रमांकाचे तुकडे आपसूकच ठळक करायचे असतात. कारण मोजणी ० पासून: शून्यावा तुकडा पहिल्या खुणेच्या आधीचा, पहिला खुणांच्या मधला, दुसरा त्यानंतरचा, आणि असंच पुढे. मजकूर खुणेनेच सुरू झाला तरी बिघडत नाही, शून्यावा तुकडा रिकामा येतो इतकंच. (खालच्या कोडमध्ये यूबाउंड म्हणजे शेवटच्या तुकड्याचा क्रमांक, लेन म्हणजे मजकुराची लांबी, मॉड म्हणजे भागाकारातली बाकी, जॉइन म्हणजे तुकडे परत जोडणं.)

सब ठळकलिही(सेल ॲज रेंज, मजकूर ॲज स्ट्रिंग)
डिम तुकडे, सुरुवात ॲज लाँग, आय ॲज लाँग
तुकडे = स्प्लिट(मजकूर, "#")
सेल.फाँट.बोल्ड = फॉल्स
सेल.व्हॅल्यू = "'" & जॉइन(तुकडे, "")
सुरुवात = १
फॉर आय = ० टू यूबाउंड(तुकडे)
इफ आय मॉड २ = १ अँड लेन(तुकडे(आय)) > ० देन
सेल.कॅरॅक्टर्स(सुरुवात, लेन(तुकडे(आय))).फाँट.बोल्ड = ट्रू
एंड इफ
सुरुवात = सुरुवात + लेन(तुकडे(आय))
नेक्स्ट आय
एंड सब

यात दोन ओळी बिनकामाच्या वाटतील, पण त्या काढू नका. सेल.फाँट.बोल्ड = फॉल्स आधी का? तर आधीच्या पत्राचं पहिलं अक्षर ठळक असेल तर नवीन मजकूर लिहिताच एक्सेल सगळा मजकूर ठळक करून टाकतं. आणि सुरुवातीचं एकेरी अवतरण अशासाठी की मजकूर = किंवा - ने सुरू झाला तर एक्सेल त्याला सूत्र समजतं, १-२ असलं काही असेल तर तारीख समजतं. अवतरण दिलं की ते मजकूरच मानतं. ते छापलं जात नाही आणि कॅरॅक्टर्सच्या मोजणीतही येत नाही.

खुणा जोडीने आहेत का तेही तपासा. यूबाउंड म्हणजेच खुणांची संख्या. ती विषम असेल तर कुठेतरी बंद करायची खूण राहिली आहे. ती तशीच सोडली तर तिथून पुढचं सगळं पत्र ठळक छापलं जाईल.

शून्यापासून

@उंबरठा, एक शंका. रिकाम्या मजकुरावर स्प्लिट चालवलं तर यूबाउंड उणे १ येतो. उणे १ मॉड २ व्हीबीएमध्ये उणे १ च येतं, शून्य नाही. मग रिकाम्या ओळीवरही 'खूण राहिली' असा इशारा येईल ना?

उंबरठा

येईल. आधी लेन(मजकूर) = ० असेल तर सेल रिकामा करून बाहेर पडायचं, मगच बाकीचं. बरं झालं विचारलंत, परिच्छेद सुटे केले की रिकाम्या ओळी येणारच आहेत.

पागोळी

उंबरठा, अफलातून. ठळक शब्द आले! पण दोन अडचणी. मजकूर जरा मोठा झाला की खालचा भाग छापतच नाही. सेल कितीही ओढला तरी एका मर्यादेपुढे उंची वाढत नाही. दुसरं म्हणजे मॅक्रोमध्ये मी 'महोदय' असं सरळ अवतरणात लिहायला गेले तर प्रश्नचिन्हं उमटली.

जुनाखिळा

पहिल्या अडचणीचं कारण आकड्यात आहे. एक्सेलमध्ये ओळीची उंची जास्तीत जास्त ४०९ पॉइंट. ए-४ कागद २९७ मिलिमीटर, म्हणजे साधारण ८४२ पॉइंट. तुम्ही सगळं पत्र एकाच सेलमध्ये कोंबलंत तर तो सेल अर्ध्या कागदापुढे जाऊच शकत नाही. सेलमध्ये ३२,७६७ अक्षरं मावतात, पण ती साठवायला. दाखवायला आणि छापायला उंची लागते.

तेव्हा एक परिच्छेद, एक ओळ. टेक्स्टबॉक्समध्ये एंटर मारला की मजकुरात व्हीबीसीआरएलएफ, म्हणजे नव्या ओळीची खूण, येतो (एंटरकीबिहेवियर ट्रू ठेवा, नाहीतर एंटर पुढच्या खोक्यात उडी मारतो). त्यावर स्प्लिट करा आणि एकेक परिच्छेद खालच्या खालच्या ओळीत उंबरठाच्या 'ठळकलिही'कडे द्या. याचा आडून एक फायदा: खूण बंद करायची राहिली तर इशाऱ्यात परिच्छेदाचा क्रमांक सांगता येतो.

आणि सेल मर्ज करू नका. पत्र छान दिसावं म्हणून लोक बी ते एच मर्ज करतात आणि मग ऑटोफिट (मजकुराप्रमाणे उंची) चालत नाही म्हणून कपाळाला हात लावतात. मर्ज केलेल्या सेलची उंची एक्सेल आपणहून वाढवत नाही, हे कित्येक आवृत्त्यांपासून असंच आहे. एकच स्तंभ कागदाच्या रुंदीएवढा करा, रॅपटेक्स्ट ट्रू, लिहून झाल्यावर त्या ओळींना ऑटोफिट. काम झालं.

खोडरबर

प्रश्नचिन्हांचं मी सांगतो. व्हीबीएचा एडिटर युनिकोड नाही. तो विंडोजच्या जुन्या कोडपेजवर (ठरावीक अक्षरांचा तक्ता) चालतो, आणि देवनागरीला असं कोडपेज कधी मिळालंच नाही. काही लिपींना 'नॉन-युनिकोड प्रोग्रामची भाषा' बदलून वेळ मारून नेता येते, मराठीला तोही मार्ग नाही.

पण धावणाऱ्या कोडमध्ये स्ट्रिंग युनिकोडच असतात. त्यामुळे मजकूर एडिटरमध्ये लिहायचाच नाही, बाहेरून आणायचा. एक लपवलेलं शीट करा, त्याच्या सेलमध्ये 'महोदय', 'विषय :', 'आपला विश्वासू' वगैरे ठेवा आणि मॅक्रो तिथून उचलेल. सीएचआरडब्ल्यू(२३०९) म्हणजे 'अ', असं एकेक अक्षर जोडूनही करता येतं. एखाद-दुसऱ्या अक्षराला ठीक, शब्दांना नको. सहा महिन्यांनी तो कोड स्वतःलाही वाचता येत नाही.

याच कारणाने एमएसजीबॉक्समध्ये मराठी संदेश दिलात तर तिथेही प्रश्नचिन्हंच. युजरफॉर्मवरची लेबलं आणि टेक्स्टबॉक्स मात्र युनिकोड दाखवतात. 'खूण बंद करायची राहिली' हा इशारा मराठीत हवा असेल तर फॉर्मवरच लाल अक्षरात एक लेबल ठेवा.

तिरका_डोळा

कॅरॅक्टर्समध्ये आकडे हाताने मोजून देणाऱ्यांसाठी एक: देवनागरीत डोळ्यांना दिसणारी अक्षरं आणि लेनने मोजलेली अक्षरं वेगळी असतात. 'क्षमा' दिसायला दोन अक्षरं, लेन सांगेल ५. क, हलन्त, ष, म, काना. मोजणीत घोळ झाला तर जोडाक्षराच्या मधूनच ठळकपणा सुरू होतो आणि कागदावर ते अक्षर फुटलेलं दिसू शकतं. उंबरठाच्या पद्धतीत मोजणी लेन करतं, म्हणून हा प्रश्न उद्भवत नाही. फक्त भरणाऱ्याने खूण शब्दाच्या आत घालू नये.

शून्यापासून

माझ्याकडची जुनी पत्रं युनिकोडपूर्व फाँटमध्ये आहेत. ती या शीटवर आणली की अगम्य रोमन अक्षरं दिसतात.

खोडरबर

कारण आत रोमनच आहेत, फाँटने त्यांना मराठीचा मुखवटा चढवला होता. आधी युनिकोडमध्ये रूपांतर करा. मॅक्रोकडून फाँट बदलून उपयोग नाही.

पागोळी

परिच्छेद सुटे केले, मर्ज काढले, लेबलांचं शीट केलं. पत्र दिसायला लागलं. आता छापण्याआधी प्रिव्ह्यू दाखवायचा म्हणून प्रिंटप्रिव्ह्यू टाकलं तर एक्सेल गोठलं. काहीच क्लिक होत नाही, शेवटी टास्क मॅनेजरमधून बंद केलं.

उंबरठा

फॉर्म मोडल आहे म्हणून. तो उघडा असेपर्यंत मागच्या खिडकीला क्लिक जात नाही, आणि प्रिव्ह्यू मागच्याच खिडकीत उघडतो. दोघंही एकमेकांची वाट बघत बसतात. मी.हाइड, मग शीट.प्रिंटप्रिव्ह्यू, मग मी.शो. हाइड म्हणजे लपवणं, अनलोड नव्हे. भरलेली माहिती जागेवर राहते.

जुनाखिळा

हे पत्राचं शीट लपवून ठेवणार असाल तर छापण्यापुरतं दाखवावं लागेल. लपवलेल्या शीटवर प्रिंटआउट बोलावलं की १००४ क्रमांकाची चूक येते. स्क्रीनअपडेटिंग फॉल्स, शीट दृश्य, प्रिंटआउट, शीट परत अदृश्य, स्क्रीनअपडेटिंग ट्रू. वापरणाऱ्याला काही कळत नाही. मध्ये काही चुकलं तर शीट उघडं पडू नये म्हणून ऑन एरर गोटू लावून शेवटच्या दोन पायऱ्या त्या टप्प्यावर ठेवा.

पान मांडणीबद्दल थोडं सविस्तर लिहितो, कारण इथे लोक वेळ घालवतात.

पेजसेटअपमधली प्रत्येक ओळ प्रिंटरच्या ड्रायव्हरशी बोलते. समास चार, कागद, दिशा, शीर्षलेख अशा ओळी लिहिल्या की मॅक्रो रांगतो, त्यातून नेटवर्कवरचा प्रिंटर असला तर बघायलाच नको. एक्सेल २०१० पासून ॲप्लिकेशन.प्रिंटकम्युनिकेशन आहे. ते आधी फॉल्स करा, सगळ्या ओळी लिहा, मग ट्रू करा, सगळं एकदम जातं. पण मी म्हणतो, मॅक्रोत हे लिहिताच कशाला? शीट तुमचंच आहे. एकदा हाताने समास, ए-४, दिशा ठरवून फाइल साठवा. मॅक्रोत फक्त दर पत्रागणिक बदलणारी गोष्ट ठेवा, म्हणजे प्रिंटएरिया: पहिल्या ओळीपासून शेवटच्या भरलेल्या ओळीपर्यंत.

रुंदी एका पानात बसवायची तर फिटटूपेजेसवाइड = १ आणि फिटटूपेजेसटॉल = फॉल्स. पण त्याआधी झूम = फॉल्स करायला हवं. झूममध्ये टक्केवारी असेल तर फिटच्या ओळींकडे एक्सेल ढुंकून बघत नाही, चूकही दाखवत नाही.

पागोळी

शीर्षलेखात संस्थेचं नाव आणि खाली पान क्रमांक टाकता येईल का, ठळक?

जुनाखिळा

येईल. तिथे कॅरॅक्टर्स चालत नाही, सांकेतिक खुणा चालतात. &बी ठळक, &यू अधोरेखित, &पी पान क्रमांक, &एन एकूण पानं, &डी तारीख. & नंतर आकडा दिला की तो फाँटचा आकार होतो.

यात दोन गोम आहेत. आकारानंतर लगेच आकडाच आला, जसं &१४ आणि त्याला चिकटून २०२५, तर एक्सेल ते सगळं मिळून आकार समजतं. मध्ये एक जागा सोडा. आणि संस्थेच्या नावातच & असेल तर तो दोनदा लिहा, नाहीतर तो खुणेत जमा होऊन गायब होतो. प्रत्येक शीर्षलेखाला, खुणा धरून, २५५ अक्षरांची मर्यादा आहे.

तिरका_डोळा

हे सगळं वाचून एक विचारतो, पत्रच छापायचं आहे ना? मग वर्ड असताना एक्सेलच्या सेलमध्ये परिच्छेद मांडायचा अट्टाहास का? वर्डला ओळ कुठे मोडायची, पान कुठे बदलायचं, सही एकटी पुढच्या पानावर जाऊ नये, हे सगळं येतं.

जुनाखिळा

एका पानाच्या पत्राला शीट पुरतं. वर्ड उघडायचं म्हणजे दुसरं ॲप्लिकेशन सुरू व्हायची वाट बघा, मध्येच अडकलं तर मागे अदृश्य वर्ड चालू राहतं, टेम्प्लेट फाइल वेगळी सांभाळा. पागोळींनी सुरुवातीलाच म्हटलंय, एक्सेलमध्ये भागलं तर बरं.

तिरका_डोळा

भागलं तर. मजकूर दोन पानांवर गेला की बघा. एक्सेल ओळ मध्यातून तोडत नाही. उरलेल्या जागेत मोठा परिच्छेद मावला नाही तर तो अख्खा पुढच्या पानावर, आणि पहिलं पान खाली रिकामं. दोन्ही बाजूंनी समान ओळी, परिच्छेदांमधलं अंतर, हे सेलमध्ये ओढूनताणूनच होतं.

पागोळी

खरं सांगायचं तर बहुतेक पत्रं एका पानाची आहेत, पण वर्षातून एकदा जाणारी सूचना दोन-तीन पानी असते. तिच्यासाठी वर्डची पद्धतही सांगाल का?

तिरका_डोळा

सांगतो. वर्डमध्ये पत्राचा साचा करा, डॉटएक्स म्हणून साठवा. नाव, विषय, मजकूर यायच्या ठिकाणी बुकमार्क (जागेला दिलेलं नाव) ठेवा. साच्यात 'ठळकशब्द' नावाची कॅरॅक्टर स्टाइल तयार करा. मग एक्सेलमधून क्रिएटऑब्जेक्टने वर्ड सुरू करायचं, डॉक्युमेंट्स.ॲडला साच्याचा पत्ता द्यायचा. ओपन नको, ॲड. ओपनने साचाच उघडतो आणि कधीतरी त्यावरच पत्र साठवलं जातं.

बुकमार्कमध्ये मजकूर टाकायला बुकमार्क्स(नाव).रेंज.टेक्स्ट. त्यात काही असेल तर लिहिताच बुकमार्क पुसला जातो, पण आपण दर वेळी नवीन प्रत काढतोय, चालेल. मजकूर शोधा-बदलाने भरायला जाऊ नका. त्यात बदलीचा मजकूर २५५ अक्षरांपेक्षा मोठा चालत नाही.

खुणांसाठी मात्र शोधा-बदला फारच उपयोगाचं. वाइल्डकार्ड चालू करून शोधायचं #(*)# आणि बदलीत \१, बदलीची स्टाइल 'ठळकशब्द'. एका फटक्यात सगळ्या पत्रातल्या खुणा जातात आणि मधले शब्द ठळक होतात. लूप नाही, मोजणी नाही. (\१ मधला एक रोमन आकडा हवा.) फक्त खुणा जोडीने आहेत का ते एक्सेलमध्येच तपासून मग पाठवा, नाहीतर वर्ड पुढच्या परिच्छेदातल्या खुणेशी जोडी जुळवेल.

स्टाइलच का, सरळ बोल्ड का नाही, हा प्रश्न येईल. वर्डच्या हिशेबी देवनागरी 'कॉम्प्लेक्स स्क्रिप्ट' आहे. तिचा फाँट, आकार, ठळकपणा वर्ड रोमनपेक्षा वेगळ्या खणात ठेवतं. कोडमधून बोल्ड दिलं आणि मराठी शब्द साधाच राहिला तर बोल्डबाय, साइजबाय, नेमबाय या जोडीच्या गुणधर्मांकडे बघा. स्टाइल साच्यातच, दोन्हींसाठी ठरवून ठेवली की ही कटकट कोडमध्ये येतच नाही.

शेवटी छापताना प्रिंटआउट बॅकग्राउंड:=फॉल्स. हे विसरलं जातं आणि मग 'मॅक्रो चालतो पण कागद निघत नाही' असे प्रश्न येतात. डीफॉल्टने वर्ड मागच्या मागे छापतं. तोवर आपला कोड पुढच्या ओळीवर जाऊन वर्ड बंद करून मोकळा होतो. मग क्लोज, सेव्हचेंजेस शून्य, आणि क्विट. क्विट चुकीच्या वाटेवरही लावा. जुनाखिळा म्हणतात ते अदृश्य वर्ड खरंच मागे राहतं.

शून्यापासून

लिब्रेऑफिसवाल्यांचं काय?

खोडरबर

कॅल्कमध्ये तत्त्व तेच, ऑब्जेक्ट वेगळी. सेलमध्ये टेक्स्ट कर्सर तयार करायचा, हवा तेवढा भाग निवडायचा आणि त्याचं चारवेट, आणि देवनागरीसाठी चारवेटकॉम्प्लेक्स, १५० करायचं, ते झालं ठळक. एक सुख असं की तिथल्या बेसिकमध्ये 'महोदय' सरळ अवतरणात लिहिता येतं.

गूगल शीट्समध्ये रिच टेक्स्ट व्हॅल्यू तयार करून सेलला देता येते, पण स्क्रिप्टला तुमच्या प्रिंटरला थेट हात लावता येत नाही. पीडीएफ करायची आणि माणसाने छापायची.

कागदकापू

आमच्याकडे अजून डॉट मॅट्रिक्स आहे, आधीच छापलेल्या जाड फॉर्मवर फक्त नाव आणि रक्कम उमटवायची असते. शीटवरून पाठवलं तर ग्राफिक्समध्ये छापतं, एक पान निघायला युगं लागतात.

जुनाखिळा

पोर्टवर थेट पाठवा. ओपन "एलपीटी१:" फॉर आउटपुट ॲज #१ आणि मग प्रिंट #१. एप्सनच्या ईएससी/पी संकेतांवर चालणारा प्रिंटर असेल तर सीएचआर(२७) आणि रोमन मोठा ई पाठवला की ठळक सुरू, सीएचआर(२७) आणि मोठा एफ पाठवला की बंद. सुरुवातीला सीएचआर(२७) आणि @ पाठवून प्रिंटर मूळ स्थितीत आणा. पण या रस्त्याने प्रिंटरच्या पोटातलीच अक्षरं छापतात. देवनागरी नाव हवं असेल तर ग्राफिक्सला पर्याय नाही.

पागोळी

वर्डची पद्धत सूचनेसाठी लावली, छान चाललीय. एका पानाची पत्रं शीटवरूनच. आता दोन बारीक गोष्टी उरल्यात. पडद्यावर सगळं बरोबर दिसतं, पण कागदावर काही परिच्छेदांची शेवटची ओळ अर्धी कापली जाते. आणि प्रत पीडीएफ म्हणून सभासदाच्या नावाने साठवायची आहे. तीच फाइल आधीपासून आहे का हे डीआयआरने बघते तर नेहमी 'नाही' येतं.

उंबरठा

पहिलं: ऑटोफिट पडद्याच्या मापाने उंची ठरवतं. प्रिंटरच्या मापाने शब्द किंचित रुंद झाले की एक ओळ जास्त होते आणि तिला जागाच नसते. ऑटोफिटनंतर प्रत्येक ओळीच्या उंचीत एका ओळीएवढी भर घाला, सेलचं उभं संरेखन वर ठेवा. ती भर परिच्छेदांमधलं अंतर म्हणून खपून जाते. उंची ४०९ च्या वर जात नाही ना एवढं तपासा, नाहीतर चूक येईल. फाँटही सगळ्या संगणकांवर असलेलाच घ्या. मंगल आणि निर्मला यूआय यांच्या ओळींची उंची सारखी नाही. एकीकडे एक आणि दुसरीकडे दुसराच फाँट लागला तर मांडणी हलणारच.

दुसरं: डीआयआर आणि किल ही फंक्शनं खोडरबरने सांगितलेल्या त्याच जुन्या कोडपेजवर चालतात. मराठी नावाची फाइल त्यांना दिसत नाही. क्रिएटऑब्जेक्टने फाइलसिस्टिमऑब्जेक्ट घ्या आणि त्याचं फाइलएक्झिस्ट्स वापरा, पुसायचं असेल तर डिलीटफाइल. एक्स्पोर्टॲजफिक्स्डफॉरमॅटला मराठी नाव चालतं, फक्त ते सेलमधून किंवा टेक्स्टबॉक्समधून यायला हवं. नावात तिरकी रेघ, विसर्गचिन्ह म्हणून टंकलेला कोलन असं काही असेल तर आधी काढून टाका.

पागोळी

डीआयआरच्या जागी ते ऑब्जेक्ट घातलं, फाइल सापडते आता. उंचीचंही जमलं. शेवटचं एक: पत्रं एका ठरावीक प्रिंटरवर जायला हवीत, डीफॉल्ट प्रिंटर वेगळा आहे. ॲक्टिव्हप्रिंटरला नाव दिलं तर माझ्या संगणकावर चालतं, शेजारच्या संगणकावर चूक येते.

खोडरबर

एक्सेलला नुसतं प्रिंटरचं नाव पुरत नाही, त्यापुढे पोर्टही लागतं, एनई०१ किंवा एनई०३ असलं काहीतरी. तो आकडा प्रत्येक संगणकावर वेगळा असू शकतो. सोपा उपाय म्हणजे एनई०० पासून एनई९९ पर्यंत लूप लावा, ऑन एरर रिझ्यूम नेक्स्ट ठेवून एकेक जोडणी करून बघा. जी चूक न देता बसली तिथे थांबा. जुना ॲक्टिव्हप्रिंटर आधी एका चलात ठेवून छापल्यावर परत लावा, नाहीतर पुढच्या माणसाची साधी शीटंही तुमच्या पत्रांच्या प्रिंटरवर निघत राहतील.